सुपरफ्लुअस म्हणजे नुसतं ‘अनावश्यक’ का? तुम्ही मराठीत कोणता शब्द वापरता?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मी चोपड्याकडची, ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. परवा एक छोटी टेस्ट घेतली, त्यात एक वाक्य होतं, ‘द रिपोर्ट वॉज फुल ऑफ सुपरफ्लुअस डिटेल्स’, आणि सुपरफ्लुअसचा अर्थ मराठीत लिहायचा होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून रोज एसटीने येणारी एक मुलगी आहे, खूप मन लावून शिकते, तिने लिहिलं ‘खूप ओघवती माहिती’. विचारलं कसं काय, तर म्हणाली मॅडम सुपर म्हणजे भारी आणि फ्लुअस म्हणजे फ्लुएंटसारखंच काहीतरी असेल ना. दुसऱ्या एका मुलाने लिहिलं ‘फालतू’. बाकी वर्गाने गाईडमध्ये असतो तो ‘अनावश्यक’ लिहिला. मी त्या दोघांना शून्य दिलं, बाकीच्यांना पूर्ण मार्क.

रात्री सहज डिक्शनरीत शब्दाचं मूळ बघितलं आणि तेव्हापासून मन खातंय. लॅटिनमध्ये सुपर म्हणजे वर, वरून, आणि फ्लुएरे म्हणजे वाहणं. भांडं काठोकाठ भरल्यावर जे वरून वाहून जातं ते सुपरफ्लुअस. आणि फ्लुएंट पण त्याच फ्लुएरेपासून आलाय! म्हणजे त्या पोरीला शब्दातलं पाणी बरोबर दिसलं होतं, फक्त ते भांड्याच्या बाहेर चाललंय हे दिसलं नाही. आणि ज्यांनी ‘अनावश्यक’ पाठ केलं त्यांना पाणी दिसलंच नाही, त्यांना पूर्ण मार्क.

तर विचारायचं हे की आपल्याकडे हे चित्र धरून ठेवणारा शब्द आहे का? रिडंडंट, सरप्लस, एक्सेस, एक्स्ट्रॅव्हॅगंट या सगळ्यांना मुलं ‘जादा’ नाहीतर ‘अतिरिक्त’ लिहून मोकळी होतात, त्यांना फरक सांगायचा तर कसा सांगावा? (उच्चाराचं पण सांगून ठेवते, जोर ‘पर’ वर येतो, सु-पर्-फ्लुअस. सुपर वेगळं आणि फ्लुअस वेगळं असं तोडून म्हटलं की मुलांना ते ‘सुपर भारी’वालंच वाटतं.)

शब्दवेडी
ताई किती छान विषय काढलात. मी मूळची अमळनेरची, आता पुण्यात. शब्दांच्या मुळांचं मला फार वेड आहे म्हणून जरा लांब लिहितेय.

तुम्ही विचारलेल्या शब्दांच्या भोवती बघा किती पाणी आहे. रिडंडंट घ्या, त्यात उंदा आहे, लॅटिनमध्ये उंदा म्हणजे लाट. लाट उसळून परत परत काठावर येते ते रिडंडंट. अबंडंट मध्ये पण तीच उंदा. आणि ही उंदा आपल्या उदकाची नातेवाईक आहे, एकाच मूळ भाषाकुळातून दोन्ही आले. लॅव्हिश हा जुन्या फ्रेंचमधल्या मुसळधार पावसाच्या शब्दावरून आला. प्रोफ्यूज म्हणजे ओतून दिलेलं. अफ्लुएंट म्हणजे ज्याच्याकडे पैसा वाहत येतो तो, तिथेही फ्लुएरे. आणि सुपर तर घरचाच आहे, संस्कृत उपरि आणि लॅटिन सुपर एकाच मुळाचे, आपलं ‘वर’ पण उपरिवरूनच. म्हणजे तुमच्या शब्दाचा पहिला अर्धा भाग तुम्ही रोज बोलता.

मात्र एक जपा, इंग्रजी फ्लो आणि लॅटिन फ्लुएरे दिसतात सारखे पण मुळं वेगळी आहेत. फ्लो आपल्या प्लव, आप्लावित यांच्या नात्यातला, फ्लुएरे नाही. मला स्वतःला ते कळलं तेव्हा खूप आश्चर्य वाटलं होतं.

पाण्याबाहेरचे दोन शब्द राहिले. एक्स्ट्रॅव्हॅगंट म्हणजे बाहेर भटकणारा, हद्द सोडून गेलेला. आणि माझा सगळ्यात आवडता एक्झॉर्बिटंट, त्यात ऑर्बिटा आहे, म्हणजे गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी! अव्वाच्या सव्वा भाव सांगितला की तो एक्झॉर्बिटंट, भाव चाकोरी सोडून गेला. बैलगाडीची चाकोरी बघितलेल्या माणसाला हा शब्द कधीच विसरता येणार नाही.

केळीबाग_रावेर
मी शेतकरी माणूस, इंग्रजी जेमतेम, पण हा धागा वाचून राहिलो आणि राहवलं नाही. मॅडम तुमच्या विद्यार्थ्यांना केळीच्या बागेत आणा. केळीच्या बुंध्याशी पिलं येतात, एकामागून एक येतच राहतात. ती वाईट नसतात, चांगली हिरवीगार असतात, पण ती ठेवली तर मायझाडाचं खत-पाणी खातात आणि घड बारीक पडतो. म्हणून विळा घेऊन दर थोड्या दिवसांनी पिलं कापत जायचं. मग पुढे योग्य वेळेला त्यातलंच एक जोमदार पील राखायचं, त्याच्यावर पीलबाग येते. आता मला सांगा पील सुपरफ्लुअस आहे का? आज आहे, चार-सहा महिन्यांनी नाही.

कपाशीत पण तेच. दोन दोन दाणे टोचले तर उगवल्यावर विरळणी करावी लागते, जागेवर एकच रोप ठेवायचं. नंतर खालून गळफांद्या निघतात, त्या नुसत्या वाढतात, बोंडं फळफांद्यांवर लागतात, म्हणून बरेच जण आता गळफांद्या काढून टाकतात. आणि युरिया जास्त पडला की कपाशी माजते. पुरुषभर उंच, पानं काळीशार, रस्त्याने जाणारा म्हणतो काय पीक आहे, आणि बोंडं मोजायला गेलं तर हातात काही येत नाही. माझ्या मते एक्सेससाठी ‘माजणं’ इतका नेमका शब्द नाही. अनावश्यक मध्ये नुसतं ‘गरज नव्हती’ येतं, माजण्यामध्ये ‘त्याच्यामुळे नुकसान झालं’ हेही येतं.

शब्दवेडी
दादा तुम्ही जेमतेम म्हणता आणि नेमकं मुळावर बोट ठेवलंत. लग्झरी हा शब्द ज्या लॅटिन लुक्सुसवरून आला त्याचा अर्थच अतिरेक, आणि पीक नुसतं रानासारखं माजलं की त्याला लॅटिनमध्ये त्याच शब्दाचं क्रियापद वापरत. इंग्रजीत लग्झुरियंट अजून झाडाझुडपांसाठी वापरतात. आज आपण लग्झरी बस म्हणतो ते त्या माजलेल्या पिकाच्या शेजारचंच आहे.

सुरतवाला_शिरपूरचा
वाचतोय 👍 उधनाला बसून गावाची आठवण झाली

पांझराकाठ
पाण्याची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. धुळे साक्रीकडे पांझरेवर फड बागायत आहे, काही शतकं जुनी पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्याच्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालची जमीन फडांमध्ये वाटलेली. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळे शेतकरी मिळून ठरवतात, पाणी द्यायला पाटकरी असतो, आपलं आपण कोणी बारं फोडत नाही.

या सगळ्यात एक शब्द आहे तो तापीकाठ मॅडमच्या कामाचा आहे असं वाटतं, सांडवा. बंधाऱ्याला नाहीतर धरणाला पाणी जास्त झालं की ते ज्या वाटेने सोडून द्यायचं ती वाट म्हणजे सांडवा. सांडणे पासून सांडवा. सुपरफ्लुअसचं अगदी शब्दशः मराठी करायचं तर ‘सांडव्यावरचं’ असं होईल, भरल्यावर वरून गेलेलं. घरात आई म्हणते ना सांडलवंड करू नको, ते पण त्याच घरातलं.

पण मला खरं सांगायचं आहे ते पुढचं. सांडव्यावरून गेलेलं पाणी वाया जात नाही. ते परत नदीला लागतं आणि खालच्या गावाचा बंधारा त्याच्यावर भरतो. पांझरेवर एकाखाली एक असे बंधारे आहेतच. म्हणजे वरच्या गावाचं सुपरफ्लुअस ते खालच्या गावाचं पीक. म्हणून मला वाटतं अनावश्यक शब्द अपुरा पडतो, कारण तो विचारतच नाही की कोणाला अनावश्यक. माझे आजोबा पाटावर काम करायचे, ते म्हणायचे पाणी जास्त कधीच नसतं, जागा चुकलेली असते. मला ते लहानपणी कळलं नव्हतं.

केळीबाग_रावेर
भाऊ लाख बोललात. आमच्याकडे पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, ४१ दरवाजे आहेत, पूर्ण उघडले की तापी दोन्ही काठ धरून चालते. ते पाणी तेव्हा जास्त वाटतं आणि एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी बघितलं की तेच पाणी आठवतं.

अंगणातली_तुळस
मी जळगावची, गृहिणी आहे. मला तर सुपरफ्लुअस म्हटलं की दूध दिसतं. आपल्याकडे ‘उतू जाणं’ आहे ना! पैसा उतू चाललाय का, असं आपण म्हणतोच. आणि व्रताच्या कहाण्यांमध्ये शेवटी येतं, उतणार नाही मातणार नाही घेतला वसा टाकणार नाही. इतकी वर्षं म्हणतेय पण आज हा धागा वाचताना पहिल्यांदा डोक्यात आलं की उतणं म्हणजे भांड्याबाहेर जाणं आणि मातणं म्हणजे दादा म्हणाले ते माजणं. दोन्ही वेगळे आहेत आणि दोन्हीची शपथ घ्यायला लावलीय आपल्या जुन्या बायकांनी.

तापीकाठ
तुळसताई, अंगावर काटा आला वाचून. हे मी वर्गात नक्की सांगणार. आमच्या सगळ्या मुलींना कहाणी माहीत असते.

प्रूफवाचक
मी छापखान्यात आणि आता घरून प्रुफं तपासतो, तर माझा या शब्दाशी रोजचा संबंध येतो. लोकांच्या लिखाणात जे येतं ते सांगतो. पिवळा पीतांबर हे तर सगळ्यांना शाळेतच माहीत होतं, पीत म्हणजेच पिवळा. तसंच गाईचं गोमूत्र, विंध्याचल पर्वत (अचल म्हणजेच पर्वत), रायगड किल्ला, शेवटचा अंतिम निर्णय, परत रिटर्न येणे, लेडीज बायका, एटीएम मशीन, पिन नंबर. पावरोटी सुद्धा, पाव हा पोर्तुगीज शब्द आहे आणि त्याचा अर्थच ब्रेड. याला मराठीत पुनरुक्ती किंवा द्विरुक्ती म्हणतात. आणि मोठं मोठं लिहिणाऱ्याला पाल्हाळ, फापटपसारा, चऱ्हाट, आणि सुरुवातच लांबली तर नमनाला घडाभर तेल. दागिन्यांनी लादलेलं वाक्य असेल तर नाकापेक्षा मोती जड. तर माझ्या धंद्यात सुपरफ्लुअस डिटेल्सचं भाषांतर ‘पाल्हाळ’ एवढ्या एका शब्दात होतं, डिटेल्स शब्दाची गरजच उरत नाही.

शब्दवेडी
प्रूफवाचक, यातली सगळी कापू नका हो 🙏 रायगड किल्ला म्हटल्याने कोणाचं काय बिघडलं, ऐकणाऱ्याला गड हा भाग नावात मुरलेला वाटतो. आणि आपले जोडशब्द बघा. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृत. धन संस्कृत, दौलत अरबी. बाजार फारसी, हाट आपला जुना. दोन भाषा बोलणारी माणसं एका गावात राहिली, एकमेकांना कळावं म्हणून दोन्ही शब्द जोडून बोलली आणि ती जोडी टिकली. हिशोबाने बघितलं तर यातला एक शब्द रिडंडंट आहे. पण कागदपत्र म्हटल्यावर जो सातबारा, खरेदीखत, फेरफार असा सगळा गठ्ठा डोळ्यासमोर येतो तो नुसत्या ‘कागद’मध्ये येत नाही.

प्रूफवाचक
मान्य ताई. जोडशब्द मी कधीच कापत नाही. रायगड किल्ल्याबद्दल मात्र माझा हात थांबणार नाही.

भुसावळचा_टेक्निशियन
सगळ्यांनी रिडंडंटला नकोसं म्हणून टाकलं म्हणून लिहावं लागतंय. मी पॉवर प्लांटमध्ये काम केलंय. तिथे बॉयलरला पाणी देणारा पंप असतो, एक चालू असेल तर दुसरा तयारीत उभा असतो, स्टँडबाय. चालू असलेला पंप ट्रिप झाला आणि बॉयलरचं पाणी तुटलं तर फार मोठा धोका. इंजिनीअरिंगमध्ये या व्यवस्थेला रिडंडन्सी म्हणतात आणि ती मुद्दाम, पैसे खर्चून ठेवतात. विमानात, सिग्नलला, हॉस्पिटलच्या ऑक्सिजनला, सगळीकडे.

नवीन पोरं आली की त्यांना मॅन्युअलमधलं रिडंडंट वाचून वाटतं हा पंप बिनकामाचा. मी त्यांना सांगायचो बाबांनो इथे रिडंडंट म्हणजे राखीव, जोडीचा. वर्षातले कितीतरी दिवस तो नुसता उभा राहील, पण ज्या रात्री लागेल त्या रात्री त्याच्यावर सगळं आहे. तेव्हा मॅडम मुलांना हे नक्की सांगा की सुपरफ्लुअस आणि रिडंडंट हे साहित्यात एकमेकांच्या जागी चालतील, पण टेक्निकल पुस्तकात अजिबात नाही. सुपरफ्लुअस पंप असं कोणी म्हणत नाही.

तापीकाठ
हे फार महत्त्वाचं सांगितलंत दादा. पाठ्यपुस्तकात समानार्थी शब्दांच्या यादीत दोन्ही शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि मुलं पुढे डिप्लोमाला जातात तेव्हा गोंधळतात.

सुरतवाला_शिरपूरचा
आता मी पण लिहितो. आमच्या घरात अहिराणी. आमच्या आजीच्या हातची वरणबट्टी आणि वांग्याची भाजी, बट्टी तुपात बुडालेली, पंगतीत बसलं की वाढणारी थांबत नाही, आणि आपण म्हणायचं, ‘बस व्हई गये व माय, आखो कसाले वाढी ऱ्हायनी?’ इतलं, गंज, मोक्कार हे आमचे जास्तीचे शब्द, पण यातल्या कशातही तक्रार नाही. गंज म्हणजे भरपूर, आनंदाने सांगायचं. तक्रार करायची तर ‘कसाले’ लागतं, कशाला. शब्दाने नाही, प्रश्नाने सांगतो आम्ही.

इथे सुरतमध्ये लग्नात किती प्रकारचे स्टॉल लावले त्यावर घराची किंमत ठरते. कोणी अर्धं पण खात नाही. पाहुण्याच्या ताटात जी चौथी बट्टी वाढली जाते ती पण जास्तीचीच आणि तिथे टाकून दिलेलं ताट पण जास्तीचंच, पण दोन्हीला एक शब्द लावायला जीभ वळत नाही. बट्टीला आग्रह म्हणतात, दुसऱ्याला इकडे सगळे फिजूलखर्ची म्हणतात.

शब्दवेडी
फिजूल! बरं झालं आठवण केलीत. त्या मुलाने ‘फालतू’ लिहिलं होतं ना ताई, त्याच्यावर बोलायचं राहिलंच होतं.

आधी फाजील घेऊ. फाजील लाड, फाजील आत्मविश्वास, फाजील बडबड असं आपण म्हणतो. हा अरबी शब्द, मूळ अर्थ उरलेलं, जास्तीचं. आणि त्याच अरबी धातूचा दुसरा अर्थ श्रेष्ठपणा, कृपा. म्हणून विद्वानाला आलिम-फाजिल म्हणतात. अफझल, फजल ही नावं त्याच घरातली, आणि फिजूल, म्हणजे मूळचा फुजूल, तोही तिथलाच. दुसऱ्यापेक्षा जे जास्त ते श्रेष्ठ, आणि गरजेपेक्षा जे जास्त ते फाजील, अरबीत एकाच धातूतून दोन्ही वाटा निघाल्या. मराठीत फक्त दुसरी वाट चालती राहिली.

फालतूचं पण तसंच काहीसं झालंय. हिंदीत आजही फालतूचा एक सरळ अर्थ आहे जास्तीचा, सध्या लागत नसलेला. आपण मराठीत त्याला हलका, टाकाऊ असा रंग दिला. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याने चूक लिहिलं नाही, फक्त रंग गडद लावला. मला विचाराल तर सुपरफ्लुअससाठी एक शब्द निवडायचा झाला तर मी फाजील निवडीन. त्यात जास्त असणंही आहे आणि ते नको असणंही आहे, आणि शिवी नाही.

अंगणातली_तुळस
‘वरकड’ कसा वाटतो? आमचे सासरे हिशोबाच्या वहीत वरकड खर्च असं लिहायचे. नेहमीच्या खर्चाच्या वरचा.

शब्दवेडी
वरकड सुंदरच आहे. पण त्यात नकोसेपणा नाही, नुसतं वरचं, बाकीचं. सरप्लस किंवा मिसलेनियसच्या जवळ जातो. (सरप्लस म्हणजे शब्दशः ‘वर आणखी’च!)

मुक्काम_पारोळा
अधिक महिन्याचं कोणी बोललं नाही. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं आणि सौर ३६५चं, दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो तो भरून काढायला साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढवतात. नाव अधिक, पण तो नसता तर दिवाळी सरकत सरकत उन्हाळ्यात गेली असती. तेव्हा अधिक म्हणजे सुपरफ्लुअस नाही हे मुलांना सांगायला सोपं उदाहरण. जावयाला धोंडे वाढतात ते वेगळंच 🙂

निवृत्त_गुरुजी
मी सहसा इथे वाचतो फक्त. जिल्हा सांगतो, नंदुरबार, बाकी तपशील देत नाही.

आपण सर्वांनी अतिरिक्त हा शब्द सहज वापरला आहे म्हणून लिहावंसं वाटलं. माझ्या नोकरीच्या मधल्या काळात आमच्या शाळेचा पट कमी झाला. गावातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला आणि कामाला गुजरातकडे जायची, सोबत मुलंही जायची. संचमान्यता झाली, पटाच्या हिशोबाने एक पद कमी बसलं आणि अतिरिक्त शिक्षकांच्या यादीत माझं नाव आलं. नियम होता तो, त्यावर माझं म्हणणं नाही. पुढे समायोजन झालं, दुसऱ्या शाळेत गेलो, पगार चालू राहिला.

पण ते पत्र हातात आलं तेव्हा मी तो शब्द बराच वेळ बघत बसलो होतो. ‘आपण अतिरिक्त ठरत आहात’. त्या दिवशी सुद्धा मी वर्गात पाढे घेतले होते. ज्या चार पोरांना अजून वाचता येत नव्हतं त्यांना शाळा सुटल्यावर ओट्यावर बसवून मी शिकवत होतो. पट कमी झाला होता, पण त्या चौघांसाठी मी अतिरिक्त नव्हतो. घरी पत्नीला सांगताना मला तो शब्द तोंडातून काढता आला नाही, बदली झाली एवढंच म्हणालो.

मॅडम, मुलांना शब्द शिकवताना इतकं सांगा की वस्तूला जे विशेषण लावतो ते माणसाला लावताना थांबावं.

पांझराकाठ
गुरुजी 🙏 वाचून काही सुचेना. त्या चार मुलांचं पुढे काय झालं?

निवृत्त_गुरुजी
तिघं वाचायला लागली माझ्यासमोरच. चौथा पुढच्या वर्षी तोडीला गेला तो परत दिसला नाही.

शब्दवेडी
गुरुजी, तुमचं वाचल्यावर दोन दिवस हा शब्द माझ्या डोक्यात होता म्हणून उशिरा लिहितेय. इंग्रजीतही हेच झालंय. ब्रिटनमध्ये कामावरून कमी केलेल्या माणसाला रिडंडंटच म्हणतात, तो तिथला रोजचा, कायद्यातलाही शब्द आहे. आणि एकोणिसाव्या शतकातल्या रशियन साहित्यात शिकलेला, हुशार, पण समाजात ज्याला काही कामच उरलेलं नाही अशा माणसासाठी एक नाव रूढ झालं, त्याचं इंग्रजी भाषांतर सुपरफ्लुअस मॅन असंच करतात.

आणि आपला अतिरिक्त फोडून बघितला, ‘अति’ आणि ‘रिक्त’. रिच् या धातूचा अर्थ रिकामं करणं, सोडणं, मागे ठेवणं. सगळं भागल्यावर मागे राहिलं ते अतिरिक्त. अतिरेक पण त्याच धातूपासून. म्हणजे इंग्रजीने भांडं भरून वाहताना बघितलं आणि संस्कृतने वाटून झाल्यावर उरलेलं बघितलं. तुमच्या पत्रातला शब्द हा दुसरा होता. कदाचित म्हणूनच तो इतका लागला असेल, सगळ्यांना वाटून झालं आणि एक माणूस उरला असं त्यात ऐकू येतं.

भुसावळचा_टेक्निशियन
गुरुजी, आमच्या भाषेत तुम्ही स्टँडबाय होता. अतिरिक्त नाही.

निवृत्त_गुरुजी
धन्यवाद भाऊ. हे पत्नीला वाचून दाखवलं.

केळीबाग_रावेर
मॅडम मग त्या पोरीच्या मार्कांचं काय केलं शेवटी?

तापीकाठ
तेच सांगायला आले. आज पेपर परत मागवून घेतले. ‘ओघवती’ लिहिणाऱ्या मुलीला आणि ‘फालतू’ लिहिणाऱ्या मुलाला अर्धा अर्धा मार्क दिला आणि का दिला ते सगळ्या वर्गासमोर सांगितलं. ‘अनावश्यक’ वाल्यांचे मार्क काढले नाहीत, ते उत्तर चुकीचं नाहीच. मग फळ्यावर पातेलं काढलं, त्यातून दूध उतू जाताना काढलं, आणि उतणार नाही मातणार नाही म्हटल्यावर मागच्या बाकावरच्या मुली पण पुढे सरकून बसल्या.

मराठी शब्द मी एकच दिला नाही. सुपरफ्लुअस डिटेल्सला पाल्हाळ, सुपरफ्लुअस प्रेझ असेल तर फाजील कौतुक, सुपरफ्लुअस ग्रोथला माजलेलं, आणि टेक्निकल पुस्तकात रिडंडंट दिसलं तर आधी राखीव आहे का ते बघा म्हणून सांगितलं. पांझराकाठ भाऊंचा सांडवा पण सांगितला. गुरुजींचं त्यांची परवानगी विचारल्याशिवाय सांगितलं नाही. गुरुजी, तुम्ही हो म्हणालात तर नाव-गाव न घेता सांगेन.

शेवटी सगळ्यांना आपल्या घरातलं एक वाक्य इंग्रजीत करायला लावलं. त्या मुलीचे वडील मजुरीला केळीच्या बागेत जातात. तिचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं, ‘माझे वडील केळीची सुपरफ्लुअस पिलं कापतात, पण एक ठेवतात.’

निवृत्त_गुरुजी
जरूर सांगा मॅडम.